वास आला की हात वर करा

दादासाठी मास्क घ्यायचा असं मनात आलं, त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. तशी मी एका जागी बसणारी कधीच नव्हते. वहिनी म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही जेवतानासुद्धा उभीच असते. पण ही चुळबुळ निराळी होती. नळ नीट बंद झाला नाही असं वाटून माणूस पुन्हा पुन्हा उठतो, तसं माझं चाललं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लाकडाला पॉलिश करायचं आम्हा दोघांचं वर्कशॉप आहे. पुढच्या खोलीत मी घासकाम करते, रंग जुळवते, डबे मिसळते. मागच्या खोलीत दादा स्प्रे गन चालवतो. मध्ये एक दार आणि त्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर वहीएवढी काच. तीस वर्षं दादाने लॅकर मारलं ते तोंडाला ओला रुमाल बांधून. त्या रुमालाने फार तर माशी अडली असती. पण त्याच्या उस्तादाने बांधला म्हणून त्यानेही बांधला, आणि उस्तादाला विचारायची कुणाची छाती नव्हती.

धंद्यात त्याला नाकमास्तर म्हणतात. दरवाजा आतून वाळला की नाही, हे तो वासावरून सांगतो असा त्याचा लौकिक. गिऱ्हाईक समोर असलं की तो दरवाजाच्या कडेशी नाक नेतो, डोळे मिटतो, आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, काय गं, तुला काय वाटतं? मी म्हणते, अजून कच्चा आहे, उद्यापर्यंत थांबू. तो मान डोलावतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, बघा, बहिणीलाही आता कळायला लागलंय. त्याच्या हाताखाली माझं नाक तयार झालं, याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

तर या वर्षी एका नव्या इमारतीचे सत्तर दरवाजे आमच्याकडे आले. पांढरे, गुळगुळीत, आणि लॅकर नको, पीयू हवं. पीयू म्हणजे दोन डब्यांचं काम. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की ते दगडासारखं घट्ट होतं. मला डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे. हार्डनरच्या डब्यावर लिहिलं होतं की श्वासावाटे गेल्यास दमा होऊ शकतो, आणि एकदा झाला की थोड्याशा मात्रेनेही पुन्हा उसळतो. मी रंगाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, बाई, असलं सगळ्याच डब्यांवर लिहिलेलं असतं, खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं. त्याचं काय जातंय म्हणायला.

माझं समाधान होईना, म्हणून मी किल्लीवाल्याकडे गेले. हा किल्लीवाला आठ वर्षांपूर्वीपर्यंत गावातला पहिल्या नंबरचा स्प्रेवाला होता. आता एका जिन्याखालच्या फळीवर बसून चाव्या घासतो. मी पोहोचले तेव्हा माझ्या कपड्यांना थिनरचा वास असणार, कारण त्याने मला दोन पावलं लांबच उभं राहायला सांगितलं.

"थिनरला वास असतो," तो म्हणाला. "हार्डनरमधलं जे छातीत जातं ना, त्याचा वास कळत नाही. कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आता पलीकडच्या गल्लीत कुणी गाडी रंगवली तरी माझी छाती ओळखते. तुझ्या दादाला सांग, रुमाल बांधून हे मारू नकोस."

एवढं बोलून त्याला धाप लागली. मी घरी आले ती तडक दादासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मास्क घेतल्याशिवाय एक दरवाजा मारायचा नाही. दादा हसला. त्याच्या मते मी उंदीर बघून वाघ आला म्हणणाऱ्यांतली. पण मी एकदा मागे लागले की पिच्छा सोडत नाही हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी तो निमूट स्कूटरवर बसला.

कामगारांच्या सुरक्षेच्या वस्तू विकणारं ते दुकान. आत हेल्मेट, हातमोजे, बूट. गल्ल्यावर एक तिशीच्या आतली मुलगी होती, आणि तिला आपलं काम येत होतं. असं माणूस भेटलं की मला निम्मं बरं वाटतं. तिने आधी विचारलं, काय मारता, किती तास मारता, खोलीत पंखा बाहेर हवा टाकतो का. मग तिने मास्क मांडले. पांढरा कापडी मास्क तिने लगेच बाजूला सारला. हा घासकामाच्या धुळीला ठीक, वाफेला याचा काही उपयोग नाही. मग रबरी मास्क, नाक-तोंड झाकणारा, दोन्ही गालांवर दोन डब्या. डब्यांत कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. डब्यांवर आणखी एक जाळी, ती फवाऱ्याचे कण अडवते. डबी भरली की टाकायची, आणि काम झालं की मास्क पिशवीत बंद करायचा, नाहीतर खुंटीवर टांगल्या टांगल्याही डबी भरत राहते.

"आणि हे सगळं चेहऱ्याला चिकटून बसलं तरच," ती म्हणाली. "फटीतून जे येतं ते डबीतून जात नाही."

तिने दादाच्या तीन दिवसांच्या दाढीकडे बघितलं आणि मागच्या बेसिनकडे बोट दाखवलं. साठीला आलेला माझा भाऊ परक्या दुकानात, परक्या आरशात, पुटपुटत दाढी करून आला. मला हसू आवरेना.

मग परीक्षा होती. मास्क लावायचा, त्यावरून डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घालायचं, आणि त्या टोपड्यात पिकल्या केळ्यासारख्या वासाचा कागद टांगायचा. मास्क नीट बसला असेल तर वास येणार नाही. ती म्हणाली, वास आला की हात वर करा. पण त्याआधी माणसाला तो वास कळतो की नाही हे बघावं लागतं, म्हणून तिने दोन बरण्या पुढे ठेवल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत तो वास, अगदी फिका. कुठलीत आहे ते सांगा. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती वळली.

दादाने पहिली बरणी उघडून नाकाशी नेली, मग दुसरी. डोळे मिटले. मग दोन्ही बरण्या माझ्यापुढे धरल्या आणि हळूच विचारलं, काय गं, तुला काय वाटतं? मी हुंगलं आणि म्हणाले, उजवीकडची, पिकलेलं केळं. यात मला काहीच वावगं वाटलं नाही. रोज असंच चालायचं आमचं. मुलगी फोन ठेवून वळली तेव्हा दादा उजवीकडची बरणी पुढे करून म्हणाला, ही, केळ्याची.

त्यानंतर मोठा मास्क लावला. दादाने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खाली वाकला, मोठ्याने आकडे म्हटले. हात वर गेला नाही. मधला लावला, तरी नाही. लहान लावला, तरी नाही. मुलगी जरा चक्रावली. असा चेहरा मी पहिल्यांदाच बघते, ती म्हणाली, सगळंच बसतं याला. दादा म्हणाला, आमच्या आईनेही हेच सांगितलं होतं, याला कुणाचेही कपडे होतात. आम्ही तिघंही हसलो. त्याने मोठा निवडला, कारण तो चष्म्याखाली रुतत नव्हता. जाताना मुलीने मला विचारलं, आणि तुम्ही? मी म्हणाले, मी नुसती मिसळते आणि दाराबाहेर असते. तिने तरी एक मधल्या मापाचा मास्क काढून दाखवला. मी म्हणाले, नंतर बघू, आधी याचं होऊ दे.

काम सुरू झालं. खरं तर आता मी निवांत व्हायला हवं होतं. पण कसलं काय. दादा आत गेला की मी काचेला नाक लावून उभी. आत पांढरं धुकं, धुक्यात दादा, आणि त्याच्या तोंडावर तो मास्क. दर दहा-पंधरा मिनिटांनी मला वाटायचं, हा खोकला तर नाही? मग मी दार उघडून डोकं आत घालायचे आणि ओरडायचे, ठीक आहेस ना? तो गन थांबवून हाताने मला हाकलायचा. दार लावून घ्यायचा. मी पुन्हा मिसळायला बसायचे, पुन्हा उठायचे. दर तासाला नवा माल लागायचा, कारण मिसळलेलं पीयू फार वेळ टिकत नाही. संध्याकाळी घराचा जिना चढताना मला मध्येच थांबावं लागायचं. काळजीने माणसाची छाती भरून येते हे मी ऐकून होते, आता अनुभवत होते.

दादा मात्र खुशीत होता. मी विचारलं की म्हणायचा, झकास मास्क आहे, वासाचं नाव नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो पाणी प्यायला बाहेर आला आणि माझ्यासमोरच त्याने मास्क काढला. रबराची कड जिथे बसते तिथे गालावर लाल वळ होता, तो असायचाच. पण त्या वळाच्या आत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, पांढरी रेघ होती. मिशीचे वरचे केस पांढरे झाले होते. ते पिकलेले केस नव्हते. मी बोट फिरवलं तर बोटाला रंग लागला.

"दादा, हा आत येतोय. तुला वास नाही आला?"

"अजिबात नाही," तो अगदी सहज म्हणाला.

एवढा रंग आत आला म्हणजे थिनरची वाफही आली असणार. थिनरचा वास मुडद्यालाही उठवेल. त्याला आला नाही? मग डोक्यात एकेक गोष्ट सरकायला लागली. बरण्या. काय गं, तुला काय वाटतं. मला स्वतःचाच राग येत होता आणि तो कशाबद्दल, हे अजून मला स्वतःला कबूल करायचं नव्हतं.

काम संपलं की दादा गन धुतो. धुण्याच्या भांड्यात थिनर मी काढून ठेवते. त्या दिवशी मी भांड्यात साधं पाणी ओतून ठेवलं. हे मी का सांगते ते पॉलिशवाल्यालाच कळेल. पीयूची गन पाण्यात घालणं म्हणजे गन फेकून देणं. दादाने भांडं घेतलं. त्याची एक जुनी लकब आहे, थिनरचा एक थेंब तो मनगटावर टाकतो. मला वाटायचं ही त्याची ऐट. त्या दिवशी कळलं. थिनर कातडीवर पडलं की गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. त्याने थेंब टाकला आणि वाट बघितली. थेंब तिथेच राहिला. त्याने थेंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी आहे," तो म्हणाला.

"हो."

"कशाला ठेवलंस?"

"नाकाजवळ नेलं असतंस तर भांडं उचलतानाच कळलं असतं," मी म्हणाले. "किती वर्षं झाली?"

त्याने भांडं खाली ठेवलं. गन अजून हातातच होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

"सात होतील," तो म्हणाला.

मला वाटलं होतं मी ओरडेन. माझा राग कुटुंबात प्रसिद्ध आहे. पण मी विचारलं ते भलतंच. मी विचारलं, म्हणजे तू मला शिकवत नव्हतास? तो म्हणाला, नाही गं, मी तुला विचारत होतो. हे ऐकून मला जे वाटलं ते सरळच सांगते, मला रडू आलं. सात वर्षं मी ज्याला शाबासकी समजत होते, ती शाबासकी नव्हती. त्याला खरंच उत्तर हवं असायचं.

मग तो बोलत राहिला. आधी एक नाकपुडी गेली असं वाटलं, मग सगळंच गेलं. नाकावर नाव कमावलेल्या माणसाने कुणाला सांगायचं? गिऱ्हाइकं म्हणाली असती, मास्तर संपला. वहिनीला माहीत होतं का, मी विचारलं. तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, हा शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होता आणि दूध करपून पातेलं काळं झालं. तिने शपथेवर तोंड बंद ठेवलं होतं. मला वाटायचं, वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. किती कमी ओळखत होते मी माझ्याच घरच्यांना.

"मास्क लावल्यावर वास येत नव्हता हे तरी खरं बोललो ना मी," दादा म्हणाला. त्याला विनोद करायचा होता. मी हसले नाही. मी म्हणाले, उद्या दुकानात जायचं आणि तिथे तू आपल्या तोंडाने सांगायचं. मी सांगणार नाही.

त्याने सांगितलं. दुकानाच्या दारात दोनदा घसा खाकरला, आणि मग त्या मुलीला, जी त्याच्या लेकीच्या वयाची होती, म्हणाला, मला वास येत नाही, त्या दिवशी बरणी हिने ओळखली होती. मुलगी एक शब्द चढून बोलली नाही. तिने ते केळ्याचं सगळं उचलून ठेवलं आणि दुसरी पेटी आणली. यात कडू पाण्याचा फवारा असतो. जिभेला कडू लागतं की नाही, यावर परीक्षा. नाक गेलं तरी जीभ शाबूत असते. ती म्हणाली, कडू लागलं की हात वर करा. या वेळी तिने मला पलीकडच्या खुर्चीवर बसायला लावलं.

मोठा मास्क लावून दादा टोपड्यात गेला, आणि तिने पहिला फवारा मारला तोच त्याचा हात वर गेला. तोंड असं केलं की कडुलिंबच चावला. मधल्या मापात तो मान वळवेपर्यंत टिकला, खाली वाकला आणि हात वर. लहान मापात तो वाकला, वळला, शंभरपासून उलटे आकडे म्हणत गेला, आणि हात मांडीवरच राहिला. म्हणजे चार दिवस माझ्या भावाने फटीतून तो माल ओढला होता, आणि तो मास्क मी शेजारी उभी राहून निवडू दिला होता.

मुलगी म्हणाली, खरं तर या हार्डनरला आणि यांच्या नाकाला डबीचा मास्क पुरेसाच नाही. डबी भरली हे यांना कधीच कळणार नाही. यांना बाहेरून हवा देणारा टोप हवा. टोप म्हणजे खांद्यापर्यंत येणारं डोक्यावरचं आवरण, समोर काच, मागे लांब नळी, आणि नळीचं दुसरं टोक मोकळ्या हवेत ठेवलेल्या पंपाला. तो यायला चार दिवस लागणार होते. तोपर्यंत काम बंद ठेवा, ती म्हणाली, आणि छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन या. दादाने मान हलवली. इतका आज्ञाधारक तो उस्तादापुढेही नसेल.

डॉक्टर बोलायला शांत होते. त्यांनी दादाला नळीत फुंकायला लावलं, छाती ऐकली, आणि म्हणाले की एका तपासणीत हे कळत नाही. हा त्रास कामाच्या दिवशी वाढतो, सुट्टीला उतरतो, म्हणून रोज मोजावं लागतं. त्यांनी फुंकायचं एक लहानसं यंत्र दिलं. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडा कागदावर लिहायचा. मग विचारलं, खोलीत आणखी कोण असतं? मी म्हणाले, कुणी नाही, मी बाहेर असते, मिसळते फक्त. त्यांनी मलाही एक यंत्र दिलं आणि कागदावर दुसरा रकाना आखला.

टोप आला. त्यात दादा समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यासारखा दिसायचा आणि त्याला ते आवडायचं. पंप अंगणात घुरघुरायचा, आणि तो बंद पडला तर दादाला कळणार कसं, म्हणून मी दिवसभर पंप आणि काच, काच आणि पंप अशा येरझाऱ्या घालायचे. मधूनच दार उघडून आत डोकावायचे. टोपामुळे त्याला माझं ओरडणं ऐकू जात नसे, म्हणून आता मी दोन पावलं आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचे. तो अंगठा वर करायचा. मग मी बाहेर येऊन मिसळायला बसायचे.

काम पुन्हा सुरू झाल्यापासून दोन आठवडे मी त्याच्या रकान्यावर डोळे लावून होते. सकाळी त्याच्या आधी माझी झोप उडायची. तो फुंकायचा आणि मी त्याच्या हातातून यंत्र ओढून आकडा बघायचे. चारशे वीस. चारशे दहा. पुन्हा चारशे वीस. प्रत्येक आकड्याला माझा जीव भांड्यात पडायचा आणि संध्याकाळपर्यंत परत वर यायचा. माझं मीही फुंकायचे, उरकायचं म्हणून. तीनशे साठ. तीनशे दहा. दोनशे ऐंशी. मला नीट फुंकताच येत नाही, असं मी ठरवून टाकलं. वहिनी म्हणाली, तू श्वास घ्यायलासुद्धा घाई करतेस. मी म्हणाले, हो ना.

चौदाव्या दिवशी आम्ही कागद घेऊन गेलो. तोवर पस्तीस दरवाजे झाले होते. डॉक्टरांनी दादाचा रकाना वरून खाली बघितला, त्याला पुन्हा नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, ठीक आहे, छाती वाचली आहे, टोप सोडू नका, दर सहा महिन्यांनी या. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीतून उठलेच. दादा स्कूटर काढतो म्हणून खाली गेला. त्याच्या चालीतच फरक पडला होता. मी टेबलावरचा कागद घ्यायला हात पुढे केला.

"तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाले. "हे आकडे तुमचे ना?"

मी म्हणाले, हो, पण ते धरू नका, मला फुंकता येत नाही, मी घाई करते.

"सुट्टीच्या दिवशी बरं फुंकलंत," ते म्हणाले. "दोन्ही सुट्ट्यांना."

मी कागदाकडे बघितलं. दोन आठवडे तो कागद माझ्याच हातात होता. कामाच्या दिवशी आकडा उतरत गेला होता, सुट्टीला चढला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उतरला होता. अगदी लहान मुलालाही कळलं असतं. त्यांनी मला नळीत फुंकायला लावलं, औषधाची वाफ दिली, पुन्हा फुंकायला लावलं. मग सांगितलं. हार्डनर मिसळताना आणि दार उघडून आत जाताना जे गेलं त्याने छातीत बिघाड सुरू झाला आहे. औषधाने बरं वाटेल. पण त्या मालाजवळ आता जायचं नाही, मास्क लावूनही नाही, थोडा वेळही नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवस नाही मोजायचे यात.

जिना उतरताना मी दोनदा थांबले. खाली दादा स्कूटर सुरू करून उभा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मोकळा हसत होता. म्हणाला, एवढा वेळ काय करत होतीस, डॉक्टरांनाच शिकवत होतीस का?

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. काही नाही रे, तुझ्या औषधाचं विचारत होते. किती सोपं वाक्य. पस्तीस दरवाजे उरले होते, तो खुश होता, आणि आज नाही सांगितलं तर काय बिघडणार होतं? उद्या सांगू. नाहीतर परवा. त्या क्षणी मला कळलं की सात वर्षं त्याने हे कसं केलं असेल. आणि खरं सांगते, मला ते वाक्य बोलायचं होतं.

"दादा, स्कूटर बंद कर," मी म्हणाले.

"का गं?"

"आधी बंद कर."

त्याने बंद केली. मी सगळं सांगितलं, एकही आकडा न गाळता. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "माझ्यामुळे?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. "थोडं तुझ्यामुळे," मी म्हणाले, "आणि थोडं माझ्यामुळे. तू सांगितलं नाहीस, आणि मी स्वतःसाठी मास्क घेतला नाही."

त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, दरवाजेवाल्या गिऱ्हाइकाला लावला. उरलेले दरवाजे घेऊन जा, तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. मग दादा मोठ्याने, शेजारच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मला वास येत नाही हो. सात वर्षं झाली. माझ्या बहिणीच्या नाकावर चाललं होतं सगळं, आणि ती आता त्या खोलीत यायची नाही."

पलीकडचा माणूस पुन्हा सुरू झाला आणि दादा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. उठून त्याच्याजवळ जावं, फोन आपण घ्यावा, असं मला वाटत होतं. मी दोनदा उठायचा प्रयत्न केला, पण छातीने उठू दिलं नाही.